मागणीच्या गाडीतली हवा

लुडविका गाइसेबला तोंड दाखवायची सोय उरली नव्हती, आणि तेही एका हवा भरायच्या पंपापायी. वॉल्विस बे बंदरातल्या मासळी कारखान्यात सगळ्या बायांवर जरब असलेली, स्वतःची पिकअप स्वतः हाकणारी ही बाई. पण गेला आठवडाभर रस्त्यात कुणी भेटलं की 'कशी आहेस' असं विचारायच्या आधी 'पंप कसा आहे' असं विचारत होतं.

झालं होतं असं. तिचा भाचा हेस्रॉन याच्यासाठी अल्बेर्टिनाला मागणी घालायची होती. मुलगी कुईसेब नदीच्या काठावरच्या गावातली, तिथल्याच शाळेत मास्तरीण. आमच्यात पहिल्या खेपेला नकारच मिळतो. पहिल्याच हाकेला मुलगी दिली तर ती घरच्यांना जड झाली होती, असं लोक म्हणणार. तेव्हा पहिल्या नकाराचं कुणाला काही वाटलं नाही, उलट मंडळी खुशीत घरी आली. खरी खेप दुसरी, आणि त्या दुसऱ्या खेपेला पंपाने माती खाल्ली.

मागणीत बोलायचा मान घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाचा, म्हणजे आपोलस काकांचा. काका नाराच्या हंगामात घरी सापडत नाहीत. वाळूच्या डोंगरांत आपल्या घराण्याच्या नाराच्या वेली आहेत, तिथे झोपडी घालून ते ती काटेरी फळं राखत बसतात. त्यांना आणायचं तर आधी टायरमधली हवा सोडून टायर मऊ करायचे, तेव्हा कुठे गाडी वाळूवर चालते. बाहेर येऊन खडीच्या रस्त्याला लागलं की हवा पुन्हा भरायची. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लुडविकाने भरायला मेव्हण्याचा पंप उसना नेला होता. साबणाच्या डब्याएवढा, गाडीतल्या लायटरच्या भोकात घालायचा. त्याने दीड टायर भरला, धूर सोडला आणि मान टाकली. मग ही मंडळी मऊ टायरांवर खडीतून रांगत निघाली. वाटेत एका टायरच्या चिंध्या झाल्या, आणि मुलीच्या दारात पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं.

दारात मुलीचा मामा उभा होता. योसाफात मामा. दोन्ही हात कमरेवर.

"धुकं असताना या म्हटलं होतं," तो म्हणाला. "हे धुकं आहे होय? का तुमच्या घरात उन्हालाच धुकं म्हणतात?"

आपोलस काकांनी मान खाली घातली. चूक कबूल करण्यावाचून इलाज नव्हता.

"शेवटची संधी," मामा म्हणाला. "पुढच्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी. धुकं विरायच्या आत दारात दिसलात तर बोलू. नाही दिसलात, तर पुढच्या वर्षी नारा उतरला की या."

पुढच्या वर्षापर्यंत काय काय व्हायचं! अल्बेर्टिनाची बदली पार उत्तरेला, कटिमाला होणार होती. लग्न ठरलं असेल तर ती थांबवता येत होती, नाहीतर नाही. हेस्रॉन बोलणारा नव्हेच. पण परतीच्या वाटेवर तो खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि लुडविकाच्या काळजाचं पाणी झालं. हेस्रॉनची आई तो दुडुदुडु चालायला लागायच्या आतच गेली. तेव्हापासून त्याला हिनेच वाढवलं होतं, आणि आता त्याच्या लग्नात खोडा घातला तो हिच्याच गाडीने.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. लुडविका पंप घ्यायला निघाली ती चारही टायरांतली हवा सोडूनच. हेस्रॉनला शेजारी बसवलं, गाडी डुगडुगत हार्बर रोडवरच्या दुकानाच्या अंगणात नेऊन उभी केली आणि दुकानदार शिकोंगोला हाक मारली.

"शिकोंगो, तुझ्याकडे जेवढे पंप आहेत तेवढे बाहेर आण. आणि एक चहा. साखर भरपूर."

"बाई, खोक्यावर सगळं लिहिलंय," शिकोंगो म्हणाला. "वाचून घ्या ना."

"खोक्यावर माझ्या मेव्हण्याच्या पंपाचंसुद्धा लिहिलं होतं. वाघ काढला होता त्याच्यावर. मी वाचणार नाही. मी बघणार. चारही टायर न थांबता जो भरेल तो माझा."

शिकोंगो हाडाचा दुकानदार होता. अशा गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, हे तो जाणून होता. त्याने पहिला आणला तो लायटरच्या भोकातलाच, पण जरा थोराड. लुडविकाने त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं. त्याने एक टायर भरला, दुसऱ्याच्या मध्यावर बसला. हात लावला तर तव्यासारखा तापलेला.

"थकला की जरा विश्रांती घेतो तो," शिकोंगो म्हणाला.

"विश्रांती घ्यायला माझा नवरा आहे घरात. पुढचा आण."

हेस्रॉनने टायरांतली हवा पुन्हा सोडली. पुढचा बिनवायरचा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. कारखान्यातल्या मुकादमाने याचीच शिफारस केली होती. दिसायला देखणा, आकडे निळे चमकणारे. लुडविका क्षणभर भुललीसुद्धा. पण तिसऱ्या टायरवर निळे आकडे लाल झाले आणि मग काहीच उरलं नाही.

"पुन्हा चार्ज करायचा," शिकोंगो म्हणाला.

"वाळूत कुठे चार्ज करू? शहामृगाच्या शेपटीला लावू?"

हेस्रॉनला हसू फुटलं. आठवडाभरात पहिल्यांदा. लुडविकाने ते बघितलं आणि चहाचा मोठा घोट घेतला.

मग पुन्हा हवा सोडली आणि शिकोंगोने दोन्ही हातांनी उचलायचं धूड आणलं. दोन सिलिंडर, जाड तारा, तारांना मगरीच्या जबड्यासारखे चिमटे. ते थेट गाडीच्या बॅटरीला लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं. नळी एवढी लांब की मागच्या चाकापर्यंत जाऊन वर वेटोळं उरत होतं. शिकोंगोने बटण दाबलं आणि सगळा हार्बर रोड हादरला. शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी केलेला माणूस फेस घेऊन बाहेर आला. पण टायर मात्र बघता बघता वर आला. दुसरा. तिसरा. चौथा. पंप कोमट झाला, एवढंच. लुडविकाने मागवलेल्या दुसऱ्या चहाला अजून वाफ होती.

"याचाच एक भाऊ आहे," शिकोंगो कानातली बोटं काढत म्हणाला. "शांत. जरा सावकाश चालतो, पण थकत नाही. त्याचा आवाज शिवणयंत्राएवढा."

"आत्या, तो घेऊ या," हेस्रॉन म्हणाला. "अल्बेर्टिनाच्या आजींना आवाज सोसत नाही."

"तू नवरा मुलगा आहेस. मागणीच्या दिवशी नवऱ्या मुलाने तोंड उघडायचं नसतं. आत्तापासून सवय कर." तिने त्या धुडावर थाप मारली. "आवाजाला काय भ्यायचं? आपण मुलगी मागायला जातोय, चोरायला नाही."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरा थंड होता आणि बाशिंग आत्याच्या गुडघ्याला होतं.

ठरलेल्या शनिवारी समुद्राकडून आलेलं धुकं एवढं दाट होतं की पुढच्या दिव्यांचा उजेड बोनेटवरच सांडत होता. लुडविकाने वाळूच्या तोंडाशी हवा सोडली, गाडी डोंगरांत घातली आणि काकांना झोपडीतून उचललं. काका डोक्याला हॅट आणि मांडीवर भाजलेल्या नाराच्या बियांचं फडकं घेऊन तयारच होते. पुन्हा खडीपाशी आल्यावर तिने बोनेट उघडलं, चिमटे लावले आणि बटण दाबलं. वाळूवर पहुडलेला एक कोल्हा उठून पळाला.

"काय ग हे!" काका ओरडले. "गाडी आहे का विमान?"

"पंप आहे, काका! पंप!" लुडविका हसत सुटली. तिला नाचावंसं वाटत होतं, आणि ती खरंच दोन पावलं नाचलीही. तव्यावरचा फुलका फुगावा तसे टायर फुगत होते. पण चारही अर्ध्यावर आले तेवढ्यात काकांनी काठीने पत्रा बडवला.

"पुरे! धुकं पळतंय! मुलगी मागायची आहे, टायर नाही मागायचे!"

खरंच पूर्वेकडे उजळत होतं. इथून गावापर्यंत हळू गेलं तर एवढी हवा पुरत होती. परतीच्या लांब रस्त्याला मात्र पूर्ण भरावी लागणार होती. लुडविकाने पंप बंद केला आणि गाडी हाकली.

पोचले तेव्हा धुकं अजून छपरांना चिकटलेलं होतं. योसाफात मामा दारात आला, आभाळाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि त्याची थोडी निराशा झाल्यासारखी वाटली. त्याने अंगणाच्या कडेची बाभूळ दाखवली. तिघं तिच्याखाली जमिनीवर बसली. मागायला आलेल्यांनी जमिनीवरच बसायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही. बोलायचं फक्त थोरल्याने. होकार असला की मुलीकडचे बकरं कापतात.

मग मामाने सुरुवात केली. मुलीच्या मामाला वर्षानुवर्षं मनात साठवलेलं सगळं त्या दिवशी ओकायची मुभा असते, आणि योसाफातने साठवण चांगली केली होती.

"तुमच्या आजोबांची गाढवं आमच्या नारात शिरली होती."

"शिरली होती," काका म्हणाले. "चूक झाली."

"तुमच्या चुलतभावाने आमच्या लग्नात दोन माणसांचं मटण खाल्लं आणि झोपला."

"तीन माणसांचं. चूक झाली."

"आणि हा मुलगा! शब्द बोलत नाही. मुका आहे का? का आमच्या मुलीशी लग्न करून मग हातवारे करणार?"

हेस्रॉन जमिनीकडे बघत राहिला. खिडकीचा पडदा हलला आणि आत कुणीतरी फिस्सकन हसलं. लुडविकाला कळलं, ही अल्बेर्टिना.

"विचार करतो," असं म्हणून मामा आत गेला आणि दार लागलं.

आता फक्त बसायचं होतं. लुडविकाच्या स्वतःच्या मागणीला तिच्या सासरची माणसं वाऱ्यात दिवसभर बसली होती, आणि ती गोष्ट ती अजून ऐटीत सांगायची. तिला सगळं माहीत होतं. पण ऊन वर आलं. काका काठीवर हनुवटी टेकून पेंगायला लागले. पाण्याला निघालेल्या दोन बाया मुद्दाम पिकअपजवळून गेल्या.

"ही का ती पंपवाली?"

"तीच. म्हणे नवा घेतलाय."

"असेल. चालतो का बघायला पाहिजे."

झालं. बाईला विंचू चावला असता तरी ती एवढी कळवळली नसती. तिने विचार केला, हवा तर भरायचीच आहे. आत्ताच भरली तर परतीचा वेळ वाचेल, आणि आम्ही या खेपेला तयारीने आलोय हे मुलीकडच्यांना दिसेल. ती उठली. हेस्रॉन डोळे विस्फारून मान हलवायला लागला, नाही, नाही, नाही. बिचारा घाबरलाय, असं वाटून तिने त्याच्या डोक्यावर हात फिरवला, इंजिन चालू केलं आणि पंपाचं बटण दाबलं.

कोंबड्या छपरावर गेल्या. गावातली सगळी गाढवं एकदम ओरडली. काका दचकून जागे झाले आणि त्यांची हॅट खाली पडली. पुढचा एक टायर टम्म झाला, मग दुसरा, आणि लुडविका अभिमानाने मागच्या चाकाकडे वळली, तोच दार धाडकन उघडलं.

"निघालात?" योसाफात मामा ओरडला. आता त्याचा राग मागणीच्या दिवसाचा ठेवणीतला राग नव्हता, तो खरा होता. "पहिल्या खेपेला आलात, ठीक. दुसऱ्या खेपेला ऊन घेऊन आलात. आणि आज आत माझी म्हातारी आई माझ्या बहिणीशी बोलतेय, शब्द ओठांवर आलाय, तर तुम्ही इंजिन चालू करून चाकं भरताय? घाई आहे? जा! गाडी तयारच आहे, जा!"

लुडविकाने पंप बंद केला. आता तिला कळलं की मागायला आलेल्या माणसांच्या गाडीत हवा भरण्याचा अर्थ काय होतो. उठले, पाठ फिरवली, चालले. हेस्रॉन नाही नाही म्हणत होता तो त्यासाठी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पडद्यामागचं हसू थांबलं होतं. हेस्रॉनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

तिला ओरडून सांगायचं होतं, 'नाही हो, आम्ही कुठे जातोय!' पण बोलायचा हक्क तिचा नव्हता. बोलली असती तर आणखी एक चूक पदरात पडली असती. काका तर हॅट शोधत होते.

मग ती गुडघ्यांवर बसली. आत्ताच भरलेल्या पुढच्या चाकापाशी. टोपण काढलं, खिशातल्या चावीने व्हॉल्व्हची पिन फिरवली आणि उपसून काढली. हवा शिट्टी वाजवत बाहेर पडली. वाळूला लागते तेवढी ठेवावी म्हणून ती थांबली नाही. पूर्ण जाऊ दिली, टायर जमिनीला चिकटेपर्यंत. मग दुसरं चाक. मग रांगत मागे, तिसरं. सूं आवाज येत राहिला आणि गाडी एका एका कोपऱ्याने खाली बसत गेली. चौथ्या चाकाची पिन तिच्या हाताला लागेना, चावी सारखी निसटत होती. तेव्हा हेस्रॉन आला, शेजारी गुडघे टेकून बसला, आणि ती पिन त्याने काढली. सगळी हवा गेल्यावर लुडविकाने चारही पिना गोळा केल्या, अंगणातून गुडघ्यांवरच गेली आणि मामाच्या पायांपाशी ठेवल्या. मग दोघं परत जाऊन बाभळीखाली बसली.

आपोलस काकांना हॅट सापडली होती. त्यांनी ती छातीशी धरली.

"योसाफात," ते म्हणाले, "आमची बाई उठली. चूक झाली. पण आता बघ. बाई बसली, मुलगा बसला, आमची गाडीसुद्धा बसली. आता आम्हाला हाकलायचं तर तुला उचलून न्यावं लागेल. आणि मी दिसतो तेवढा हलका नाही."

मामाने त्या चार पिनांकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. ती बसकण मारलेल्या म्हशीसारखी दिसत होती. त्याचे ओठ हलले, त्याने ते घट्ट दाबले, पण आतून बायांचं हसू एकदम फुटलं, भांडं सांडावं तसं, आणि मग त्यालाही आवरेना. तो दाराच्या चौकटीला धरून हसला.

अल्बेर्टिनाच्या कातरिना आजी काठी टेकत बाहेर आल्या. गावात त्यांच्याहून म्हातारं कुणी नव्हतं. त्या आल्यावर हसणं थांबलं. त्या गाडीभोवती सावकाश फिरल्या, एकेका चाकाला काठीने ढोसून बघितलं. मग बाभळीपाशी येऊन लुडविकासमोर उभ्या राहिल्या.

"हा मुलगा तुझा नाही म्हणतात."

लुडविकाने काकांकडे बघितलं. काकांनी बोल म्हणून खूण केली.

"पोटचा नाही, आजी," ती म्हणाली. "पण पाठीवर बांधून मीच वाढवलाय. माशांच्या कारखान्यातसुद्धा घेऊन जायची. अजून त्याला मासळीचा वास येत नाही, एवढी सवय झाली."

आजींनी काठी बाभळीला टेकवली.

"मग तुला कळेल," त्या म्हणाल्या. "हिची आई नोकरीला शहरात होती. हिला मीच पाठीवर बांधलं. आता पाठ वाकली, पण वजन अजून आठवतं मला. म्हणून द्यायला इतका वेळ लागतो ग. तुम्हाला छळायला नाही."

लुडविकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही. म्हातारीने आपला सुरकुतलेला हात तिच्या पाठीवर ठेवला, बरोब्बर खांद्यांच्या मध्ये, जिथे झोळीची गाठ बसते तिथे, आणि जरा दाबला.

मग त्या घराकडे वळल्या आणि त्या वयात कुणाला वाटणार नाही अशा खणखणीत आवाजात ओरडल्या, "योसाफात! दात काय काढतोस? बकरं धर. मोठं, काळं. आणि चहाला पाणी ठेवा, ही माणसं आज कुठे जात नाहीत."

मामा पिना खिशात टाकून गोठ्याकडे पळाला. खिडकीचा पडदा पूर्ण उघडला आणि अल्बेर्टिना चौकटीत दोन्ही कोपर टेकून उभी राहिली, अगदी राजरोस, तोंडभर हसत.

हेस्रॉन कधी तिच्याकडे, कधी आजींकडे बघत होता. आपल्याला बोलायची परवानगी आहे की नाही, याचा त्याला अजून अंदाज येत नव्हता. शेवटी तो लुडविकाच्या कानाशी वाकला.

"आत्या," तो कुजबुजला, "म्हणजे... हो म्हणाल्या का त्या?"

लुडविका एकाच वेळी हसत आणि रडत होती.

"अरे गाढवा," आपोलस काका हॅट डोक्यावर चढवत म्हणाले, "काळं बकरं धरतायत!"